हनुवटीवरचा तीळ

आगाशीच्या राऊतमास्तरांना चोरीचं काही खपायचं नाही. सगळं गाव पायरेटेड सीडीवर कॉम्प्युटर चालवत होतं, तेव्हा त्यांनी मासिकासोबत मिळालेलं फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर घेतलं. त्यातच लेकीचा, विनिताचा, बायोडेटा फोटोसकट बनवून स्थळांना ईमेलने धाडला. पण होकार सोडाच, नकार द्यायलाही कुणी हूं की चूं केलं नाही. मुलीच्या बापाने मागे लागू नये, म्हणून मास्तरांनीही कुणाला विचारलं नाही.

आईचे गुरुवार झाले, जीवदानीला नवस बोलून झाला. शेवटी आत्या म्हणाली, "हनुवटीवरचा तो भला मोठा तीळच नडतोय गं पोरीला." विनिताला तो तीळ फार आवडायचा. तरी ती विरारच्या डॉक्टरकडे जाऊन तो जाळून आली. खपली गळाली, डाग मात्र राहिला.

आज जूचंद्रच्या स्थळाचा फोन तिनेच उचलला. मुलाची आई बोलत होती. "वडिलांना सांग, बायोडेटा कागदावर पाठवा. त्यांची फाईल आमच्याकडे उघडतच नाही. सायबर कॅफेवाला म्हणाला, हे सॉफ्टवेअर इथे कुणाकडेच नाही."

विनिताचा हात हनुवटीकडे गेला. म्हणजे तिचा फोटो आजवर कुणी पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात आतून मास्तर उत्साहाने ओरडले, "विनू, तुझा नवा फोटो टाकून फाईल पुन्हा धाडली गं सगळ्यांना! आता बघ, कशी रांग लागते ती!"