आंबलेलं रक्त

भाव पडला म्हणून नेरच्या बाजारातून परत आणताना कापसाची गाडी उलटली आणि मथुराबाईचा मुलगा खाली दबला. यवतमाळला पोटाचं ऑपरेशन झालं, बीपीही सावरला. तरी लॅबवाली शीला तिसऱ्यांदा सुई घेऊन आली. मथुराबाईनं पोराचा हात पदराखाली झाकला. "आधीच एवढं रक्त गेलं. अजून कायले काढून राह्यली?" "मावशी, रक्त आंबट होऊन राह्यलं. आत कुठंतरी गळत असन." मथुराबाईनं जन्मभर दूध विकलं होतं, आंबलेलं परत फिरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हताश होऊन तिनं हात सोडला. आंबटपणाचा आकडा चढलेला पाहून शीला मोठ्या डॉक्टरांपुढे अडून बसली. पोट पुन्हा उघडलं, गळती सापडली, ती शिवल्यावर आकडा उतरू लागला. दुसऱ्या दिवशी शीला सुई घेऊन आली, तेव्हा मथुराबाईनं स्वतःच पोराची बाही वर सारली. "घे माय. तुह्या हातानं आंबलेलंही फिरते."