करवतीचा दात

मधुकररावांना लकवा मारून चार महिने झाले, तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोत डावीकडचा काळा डाग दाखवला होता. “वाक्य जुळवायची जागा ही. पण सवयीचे बोल मेंदू दुसरीकडेही जपून ठेवतो. आरत्या, गाणी म्हणवून घ्या.” दुर्गाबाईंनी साऱ्या आरत्या गाऊन पाहिल्या, नवरा नुसता बघत राहायचा. आज पवनी गावातल्या घरी मुलगी रंजिता मागावर करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते असलेलं लुगडं विणत होती आणि मधुकरराव शेजारी खुर्चीत होते. घाईत तिने काठाचा धागा न अडकवताच धोटा फेकला आणि करवतीचा एक दात चुकला. “आंधळी झाली काय वं!” तीस वर्षं घराने ऐकलेलं डाफरणं खुर्चीतून आलं. रंजिताचा हात थबकला. दुर्गाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, पोरीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “आखीन एक दात चुकव वं, माय!”