बाटलीवरची पट्टी

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या खाचा मोजल्या. एक खाच म्हणजे एक डोस. सातांपैकी पाच रिकाम्या होत्या.

पट्टी आजोबांनी कापली होती. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेला हात; खाच म्हणजे खाच. त्या काळात दवाखान्यात तीन डॉक्टर येऊन गेले, कंपाउंडर तोच राहिला. पेशंट पायरी चढत असतानाच आजोबांना रोग कळायचा. डॉक्टरांना बिचाऱ्यांना तपासावं लागायचं.

सात महिन्यांच्या नातवाला परवा जुलाब लागले, तेव्हा घरात कोणी घाबरलं नाही. एवढा कंपाउंडर घरात असताना घाबरणं म्हणजे त्याचा अपमान. जुलाबात अंगातले क्षार वाहून जातात, ते भरून काढायचे, हे आजोबांना पाठ होतं. बायकोच्या शेवटच्या दुखण्यातलं पोटॅशियमचं औषध कपाटात उरलं होतं. त्यांनी ते पाणी घालून बेताचं केलं आणि पट्टी चिकटवली.

आज सकाळी सून दोनदा म्हणाली, हॉस्पिटलात नेऊया. तिथे सुया टोचून पोराची चाळण करतात, असं सांगून आजोबांनी तिला गप्प बसवलं. शिवाय उतार पडत होता, तो त्यांना दिसत होता. दुपारी बाळाची मान कलंडली, तेव्हा मात्र तिनं कोणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली.

आता पडद्यापलीकडे दोन नर्स बाळावर वाकल्या होत्या. यंत्राची टिकटिक मधेच अडखळत होती.

"हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "अंगातलं पाणी आटलं की लघवी थांबते. मग हे रक्तात साठत जातं आणि हृदय बंद पाडतं. बाळाला शेवटची लघवी कधी झाली?"

सुनेनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. धुतलेल्या लंगोटांची चळत तीत होती, काल घडी घालून ठेवली तशीच.

डॉक्टरांनी विचारलं की उभं राहून सांगायचं, ही चाळीस वर्षांची सवय. आजोबा उभे राहिले.

"काल संध्याकाळपासून एकही लंगोट ओला नाही, डॉक्टर. त्यावरूनच तर मी ओळखलं, औषध लागू पडतंय."