दोन दिवसांचं काम

"दुरुस्तच करू," ती लगेच म्हणाली.

तिचा नवरा स्कूटर लावून नुकताच गॅरेजात शिरला होता. मेस्त्रीने त्याच्यासाठी थोडक्यात पुन्हा सांगितलं. गाडीचं इंजिन झिजलंय. पेट्रोलबरोबर तेलही पितंय, म्हणून मागून निळा धूर येतो. आता दोनच वाटा. इंजिन उतरवून, उघडून, झिजलेले भाग बदलून हेच परत उभं करायचं. नाहीतर हे काढून टाकायचं आणि दुसरं बसवायचं. कमी चाललेलं एक मेस्त्रीकडे होतंही.

"मग दुसरंच बसवू," नवरा म्हणाला.

"नको हो. हेच नीट होतंय ना?" तिने बॉनेटवर तळहात टेकवला आणि हसली. त्याच्याकडे बघून नाही, स्वतःशीच.

ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं.

गाडी तिच्या पहिल्या नवऱ्याची होती. तो जाऊन सहा वर्षं झाली होती आणि या दोघांच्या लग्नाला सात महिने. ती घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने घ्यायची. त्यासाठी पहाटे साडेपाचलाच त्या गाडीने बाहेर पडायची. याचं चष्म्याचं दुकान दहाला उघडायचं आणि रात्री नऊला बंद व्हायचं. हा उठून गॅलरीत यायचा तेव्हा खाली धुराचा वास तेवढा उरलेला असायचा.

एकदा जेवताना धाकटा भाऊ म्हणाला होता, "दादा, वहिनी तुझी, पण फिरते त्याच्या गाडीतून!" सगळे हसले. तोही हसला. ताटातली पोळी मात्र तशीच राहिली.

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही होती. तेल कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, सगळं त्या माणसाच्या मोत्यासारख्या अक्षरात. एका रविवारी गाडीत एकटा बसून याने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती. एक तारीख चुकलेली नव्हती. असा माणूस बायकोचा वाढदिवस तरी कशाला विसरेल? शेजारच्या जिवंत माणसाशी बरोबरी करता येते. त्याच्याही शर्टाचं बटण कधीतरी तुटतं. पण मेलेला माणूस घोरत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही, भाजीला मीठ कमी आहे म्हणत नाही. त्याच्यापुढे कोणाचा निभाव लागणार?

दुरुस्तीचं ठरलं त्याच संध्याकाळी, औषधं आणायला जातो असं सांगून तो एकटाच गॅरेजात परत आला.

"तिला सांगा, इंजिनाला तडा गेलाय. दुरुस्त होणार नाही."

"साहेब, अजून उघडलंही नाही, तडा कुठून काढू?" मेस्त्री म्हणाला. "झिजलंय, पण सडलेलं नाही. कुणीतरी फार जपलंय याला."

हे मेस्त्रीने म्हणायला नको होतं.

"मी सांगतोय तेवढं करा. वरचा खर्च माझा."

मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "नवरा-बायकोच्या मध्ये मी कधी पाना घालत नाही. तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. सकाळी मेस्त्रीचा फोन आला तेव्हा तो पेपर समोर धरून तिच्या शेजारीच बसला होता. तिने ऐकून घेतलं. रडेल, वाद घालेल, दुसऱ्या मेस्त्रीला दाखवू म्हणेल, असं त्याला वाटत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग बदला."

"वाईट वाटलं?" त्याने पेपरामागून विचारलं.

"थोडं."

ते 'थोडं' त्याला दोन दिवस पुरलं. ती रजा टाकून घरीच होती. कपाटं आवरत होती, गप्प गप्प होती, आणि तो दुकानात लोकांचे नंबर तपासता तपासता तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होता. प्रत्येक अर्थ फिरून त्याच एका माणसापाशी जात होता.

गाडी तयार झाली तेव्हा ती घरून चालत आणि तो दुकानातून स्कूटरने गॅरेजात पोचला. जुनं इंजिन भिंतीशी टायरांच्या ढिगाजवळ पडलं होतं. काळं, तेलकट, तारा लोंबत असलेलं. याने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. "भंगारात द्या ते," तो मेस्त्रीला म्हणाला. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

तिने गाडी चालू केली. आवाज नाही, धूर नाही.

"छान झाली," ती म्हणाली.

त्याला राहवलं नाही. तो खिडकीशी वाकला. "जुन्याची आठवण येईल ना?"

"इंजिनाची?" ती खळखळून हसली. "मला काय करायचंय त्याचं! अहो, तुम्ही यायच्या आधीच मेस्त्री म्हणाले होते, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील आणि बदलायचं तर दोन दिवसांचं काम. म्हटलं, तीन आठवडे गाडी नाही म्हणजे पहाटे तुम्हालाच मला स्कूटरवरून न्यावं लागेल. रस्ते रिकामे असतात त्या वेळी. सात महिने झाले, आपण दोघं मिळून अजून कुठे गेलोच नाही. तुमचा स्वेटरसुद्धा काढून ठेवला होता मी." मग तिने गाडी मागे घेण्यासाठी आरशात पाहिलं. "आता दोन दिवसांसाठी कशाला तुमची झोप मोडायची, म्हणून रजा टाकली."

मेस्त्री पुसलेलाच पाना पुन्हा पुसत राहिला.

"मग... उद्या जाऊ या की," तो म्हणाला. "स्कूटरवरून."

"आता कशाला? गाडी आहे ना."

दोघं घरी निघाली. ती गाडीने, तो मागून स्कूटरने.