फुकट्या, स्वतःचं घे

वायफाय विकणाऱ्यांनो, चूक तुमचीच आहे. सगळ्या डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड देता आणि वर छापता, ‘दोन्ही लगेच बदला’. आज सकाळी नवा डबा आणून मी दोन्ही बदलले! शेजारी फुकटात वापरेल म्हणून पासवर्ड कडक टाकला आणि नेटवर्कला नाव दिलं, ‘फुकट्या, स्वतःचं घे’. मग ऐटीत बायकोला दाखवलं.

“छान. पण आपल्या डब्याचा दिवा कुठे लागलाय?”

“दिव्याचं काय घेऊन बसलीस? नेट पळतंय ना!”

ती टेबलाखाली वाकली. “अहो, बटणच बंद आहे!”

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारी ओरडत होता, “कालच आणलेल्या माझ्या वायफायला हे नाव कोणी दिलं?”

सकाळपासून त्याचंच नेट वापरत बसलोय मी. आता बोला, दार कोणी उघडायचं? मी की तुम्ही?