सुईचं टोपण

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरबाईंना शिकाऊ पोरींवर खेकसल्याशिवाय चहा जात नाही. वापरलेल्या सुया टाकायचा डबा ठेवलाय पार दाराशी, आणि पोरगी तिकडे निघाली की ओरडतात, "फेऱ्या मारू नकोस, टोपण लाव!"

आज मला दिलेल्या इंजेक्शनच्या सुईला टोपण लावताना ती शिकाऊ वैजूच्या बोटात घुसली.

"सिस्टर, या आजींचं रक्त तपासायला हवं," वैजू रडवेली झाली. "त्यांना एड्ससारखं काही असलं तर मला लागण होईल."

"गप! असल्या रोगाची तपासणी? आजींचा अपमान होईल."

मी खाटेवरूनच हात पुढे केला.

"माझा मान मी सांभाळते. रक्त आत्ता काढा, डबा खाटांपाशी आणा. पोरीच्या बोटात सुई तुमच्या धाकापायी घुसलीय, बाई, आणि हे मी मोठ्या डॉक्टरांपुढे सांगणार!"