लिसेंबेतले पोहे

"आधी मिरची, मग कांदा," मनोहरराव सांगत होते, "एवढं बोनिफासला पटवायला मला दोन सकाळी लागल्या."

टेबलाभोवती हशा पिकला. न्यू जर्सीतल्या आयसेलिनला यतीन आणि कांचनच्या घरी शनिवारचं जेवण चाललं होतं. काँगोच्या जंगलातल्या लॉजवरचा स्वयंपाकी पोहे परततोय, ही गोष्ट मंडळी तिसऱ्यांदा ऐकत होती आणि तरी पुरत नव्हती.

पत्नी शुभाताई गेल्यापासून दोन वर्षं मनोहररावांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. लोक वाईट नव्हते. पण एकट्या म्हाताऱ्याला बोलावलं की त्याच्याशी बोलायचं काय, असा प्रश्न पडतो आणि आमंत्रण राहून जातं. जर्सी सिटीतल्या एकविसाव्या मजल्यावर ते टीव्हीशी बोलत. एकटेपणानं ते अगदी काकुळतीला आले होते, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

काँगोची सहल शुभाताईंच्या मनातली. तिकिटं दोघांची काढली होती, त्यातलं एक रद्द करावं लागलं, असं ते सांगत. या मार्चमध्ये मनोहररावांनी "जाऊन येतो" असा सगळ्यांना मेसेज टाकला आणि अकरा दिवस फोन बंद ठेवला. एप्रिलमध्ये महाराष्ट्र मंडळात आले ते चार किलो उतरून, आणि लिसेंबे लॉजच्या गोष्टी घेऊन. नदीकाठच्या चार लाकडी खोल्या, त्यातली चौथी त्यांची. पहाटे झाडीबाहेर चिखलात क्षार शोधत येणारे ठेंगणे हत्ती. राखी पोपटांचे थवे. घामाला चटावून डोळ्यांच्या कडेला बसणाऱ्या बारक्या माश्या. आणि पाठमोरा बसून पाला खात राहणारा तो गोरिला, ज्यानं एकदाच मान वळवून बघितलं होतं. कॅमेरा नदीत पडला म्हणून फोटो नाहीत, असं ते म्हणत. ते बरंच झालं. फोटो बघताना लोक जांभया देतात, गोष्ट ऐकायला मात्र खुर्ची पुढे ओढतात.

तेव्हापासून मनोहररावांचा भाव वधारला. आज या घरी, पुढच्या शनिवारी त्या घरी. शनिवार पुन्हा रिकामे जायला लागले तर आपण टिकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काका, ख्रिसमस ब्रेकमध्ये आम्ही लिसेंबेलाच जायचं ठरवलंय," यतीन म्हणाला. "पण नेटवर कुठेच सापडत नाही. मॅपवर पण नाही. तुम्ही बुकिंग कुठून केलंत?"

सगळं शुभानंच ठरवलं होतं, तिच्या ईमेलवर असेल, असं मनोहररावांनी सांगितलं. यतीन आयटीतला. काकूंचा अकाउंट उघडणं पाच मिनिटांचं काम आहे, तो लगेच म्हणाला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हणूनच त्याला थोपवणं अवघड होतं.

"तिचे मेल उघडायला अजून मन धजत नाही रे," मनोहरराव म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं.

यतीन ओशाळला. पण चिवट गडी, जरा वेळानं म्हणाला, की मग सोमवारी आफ्रिकेच्या टूर नेणाऱ्या चार-पाच कंपन्यांना फोन करतो, कुणाला तरी माहीत असेलच. मनोहररावांनी ताटातला भात नुसताच चिवडला.

"लिसेंबे बंद झाला."

टेबलाच्या पार टोकाकडून आवाज आला. प्रतिमाताई, कांचनची मावशी. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूजवळचं घर विकून तीन महिन्यांपूर्वी भाचीकडे राहायला आलेल्या. जेवण सुरू झाल्यापासून "मीठ द्या" यापलीकडे त्या काही बोलल्या नव्हत्या.

"मे महिन्यात मी होते तिथे," त्या म्हणाल्या. "नदीला पूर आला, दोन खोल्या गेल्या. मालकानं गाशाच गुंडाळला. सापडणार कसा?"

कांचन बघतच राहिली. "मावशी, तू आफ्रिकेला जाऊन आलीस? कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

मनोहररावांचा घास हातातच राहिला. कुठल्या खोलीत होतात, असं त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"तीन नंबर. नदीकडची." प्रतिमाताईंनी पाण्याचा घोट घेतला. "बोनिफासनं मला पोहे खायला घातले. म्हणाला, एका काकांनी शिकवले. मीठ जरा जास्त झालं होतं."

पुन्हा हशा पिकला, आधीपेक्षा मोठा. यतीननं हात टेकले आणि आपण कोस्टा रिकाला जाऊ, असं जाहीर करून टाकलं. विषय संपला.

कांचननं मावशीची खुर्ची उचलून मनोहररावांच्या शेजारी आणली. चार वाजेपर्यंत दोघं बोलत होती. त्या माश्यांचा प्रतिमाताईंनाही चांगलाच त्रास झाला होता. गोरिलानं त्यांच्याकडे मात्र दोनदा वळून बघितलं होतं. खूप दिवसांनी कुणीतरी शेजारी बसून आपल्याबरोबर एकाच दिशेला बघतंय, या जाणिवेनं मनोहररावांचे डोळे भरून आले.

"तीन नंबरमधून नदी छान दिसते," ते म्हणाले.

"तुमच्या चारमधून हत्ती दिसत असतील."

"रोज पहाटे."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. पुढच्या शनिवारी याल ना, एवढंच त्यांनी विचारलं. मनोहररावांनी येतो म्हटलं.

जर्सी सिटीला पोचले तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. ड्रॉवरमधला पिवळा पॅड काढला आणि नदीकाठच्या चार खोल्यांच्या चित्रात तिसऱ्या चौकोनात 'प्रतिमाताई' असं नीट अक्षरात लिहिलं. मग पानं मागे उलटत ते पहिल्या पानावर आले. मार्चमधले अकरा दिवस पडदे ओढून याच टेबलाशी बसून त्यांनी लॉजसाठी पाच नावं काढली होती, त्यातली चार खोडली होती आणि 'लिसेंबे' तेवढं ठेवलं होतं.